जावेचा खडा

पुण्याच्या सुमनताई १९५६ साली तळवड्याला आल्या, त्या प्राध्यापकांनी दिलेलं एक काम घेऊन. परकी माणसं माणसाला किती आपली वाटतात, हे देशोदेशी एकाच रीतीनं मोजायचं होतं. रीत सोपी होती. मधला खडा आपला. बाकीच्यांचे खडे मनाला वाटेल तितके जवळ किंवा लांब ठेवायचे.

पिंपरीला माळवं विकायला जाणाऱ्या गवराबाईंनी आपल्या ओसरीवर खडे मांडले. पिंपरीच्या कॅम्पातल्या सिंधी बायकांचा खडा अगदी जवळ ठेवला.

"माळवं घेताना लई घासाघीस करत्यात. पर पाणी इचारत्यात."

कधी न पाहिलेल्या जपानी लोकांचा खडाही त्यांनी शेजारीच ठेवला. शेजारच्या घरात राहणाऱ्या जावेचा, तानाबाईंचा खडा मात्र ओसरीच्या पार टोकाला गेला.

"जपानी लोकांपेक्षा लांब?"

"त्यांनी माझं काय वाईट केलंय?"

विहिरीवर पाणी भरायच्या पाळीवरून दोघी जावांचं बोलणं कितीतरी दिवस बंद होतं.

मग सुमनताई तानाबाईंकडे गेल्या. तानाबाईंनी जपानी लोकांना थेट अंगणात टाकलं. "ते मेले काय नि जगले काय, मला कुठं कळायचं?" सिंधी बायकाही लांबच. पण गवराबाईंचा खडा त्यांनी आपल्या खड्याला टेकवून ठेवला. त्यांना नीट समजलं नसावं, असं वाटून सुमनताईंनी पुन्हा सांगितलं.

"समजलं की," तानाबाई म्हणाल्या. "उठता-बसता तिची याद येती. रागानं येती, पर येती. मग ती लांबची कशी?"

सुमनताई परतताना गवराबाई आपल्या दारातच उभ्या होत्या.

"तिनं माझा खडा कुठं ठेवला?"

"एकीचं दुसरीला सांगायचं नाही, असं ठरलंय. त्यांनाच विचारा."

"बोलत न्हाई आमी."

सुमनताई निघाल्या. चिंचवड स्टेशनापर्यंत चालताना त्यांच्या मनात तेच घोळत होतं. एकीला सगळं जग जवळचं, दुसरीला फक्त भांडलेली जाऊ. यातली जास्त माया कुणाची म्हणायची?

उरलेल्या घरांसाठी त्या पुन्हा आल्या, तेव्हा दोघी जावा विहिरीवर दिसल्या. गवराबाई दोर ओढत होत्या आणि तानाबाई त्यांना काहीबाही सुनावत होत्या.

"बोलायला लागलात तर," सुमनताई म्हणाल्या.

"कुठलं बोलणं?" गवराबाई म्हणाल्या. "इचारायला गेले, तवाधरनं भांडतोय."

सुमनताई काठावर टेकल्या. तोंडाचा पट्टा न थांबवता तानाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.