हरिहरेश्वरच्या पायऱ्या

मुलुंडहून पहाटे निघालेली गाडी हरिहरेश्वरला पोहोचली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. ड्रायव्हर नितेशने दार उघडलं. अनुपमाने आधी नवऱ्याचे पाय बाहेर काढले, मग काखेत हात घालून त्याला उभं केलं. गेली तीन वर्षं ती हेच करत होती. नंदकुमारला पक्षाघात झाल्यापासून उजवा हात निकामी झाला होता आणि पाय फरफटत होता. मदतीला माणूस ठेवू म्हटलं की तो चिडायचा. "परक्याचा हात मला चालणार नाही."

देवळामागून दोन कड्यांच्या मधून चिंचोळ्या पायऱ्या समुद्राकडे उतरतात. ओहोटी असली की तिथून खडकांवरची प्रदक्षिणा करता येते. नंदकुमार पायऱ्यांच्या तोंडाशी थांबला.

"हे मला कसं जमणार?"

"तुम्हालाच यायचं होतं ना? इस्पितळात सारखं हरिहरेश्वर, हरिहरेश्वर करत होता."

"मी? मला आठवतही नाही. तू लेकीला फोनवर सांगत होतीस, हरिहरेश्वरला जायचंय, म्हणून मी हो म्हटलं. म्हटलं, तेवढीच घराबाहेर पडशील."

अनुपमा कठड्याला टेकली. एवढा प्रवास, वडखळची ती कोंडी, डबे, औषधं, बदलायचे कपडे. आणि दोघांपैकी कुणालाच यायचं नव्हतं. तिला हसूही येईना.

"आलोच आहोत तर तू जाऊन ये," तो म्हणाला. "मी बसतो सावलीत. नितेश आहे."

"तुम्हाला काही लागलं तर?"

"जा गं."

ती उतरली. खाली खडक पसरले होते, लाटांनी कुरतडून जाळीदार झालेले. प्रदक्षिणा करायचं तिच्या मनातही आलं नाही. एका कोरड्या कातळावर ती टेकली आणि पदर डोक्यावर घेतला. कुणी हाक मारत नव्हतं. पाच मिनिटं डोळे मिटू, असं तिला वाटलं.

"मावशी, उठा! पाणी चढतंय!"

वरून कुणीतरी ओरडत होतं. तिने डोळे उघडले. लाटेचे तुषार पावलांवर येत होते. किती वेळ झाला, कळेना. डब्याची वेळ केव्हाच टळली होती. ती धडपडत पायऱ्या चढली, मध्ये दोनदा धाप लागून भिंतीला धरून उभी राहिली.

देवळाच्या सावलीत नंदकुमार बाकावर बसला होता. मांडीवर रुमाल, शर्टावर आमटीचे डाग. नितेश त्याला चमच्याने भात भरवत होता आणि आपल्या गाडीचं काहीतरी सांगत होता. नंदकुमार तोंडातला घास सांभाळत हसत होता.

अनुपमा जागच्या जागी थांबली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला आला तो राग.

"परक्याचा हात चालत नाही ना तुम्हाला?"

नंदकुमारने मान खाली घातली. नितेश चमचा हातात धरून तसाच राहिला. "काका घ्यायलाच तयार नव्हते," तो म्हणाला. "मीच म्हटलं, काकू दमल्यात, झोपू द्या. मी वरून पाहून आलो होतो."

ती बाकावर बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. नंदकुमारने डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. रडणं थांबल्यावर तिने स्वतःचा डबा उघडला आणि गार पोळी भाजीशी खाल्ली.

परतीला माणगाव मागे पडलं.

"सोमवारपासून माणूस ठेवणार आहे," तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं. "विचारत नाहीये."

"सकाळचा ठेव," तो म्हणाला. "आंघोळीला. रात्री मात्र तूच."

"दिवसभर ठेवणार."

"बरं."

पनवेलला गाड्या अडल्या होत्या, नितेशने गाणं लावलं होतं. अनुपमाला पुन्हा झोप लागली, मान एकीकडे कलली. नंदकुमार तिच्याकडे सरकायला बघत होता, पण शरीर ऐकेना.

"नितेश," तो हळूच म्हणाला, "गाणं बंद कर रे जरा."