न बदललेला आकडा

मित्रांनो, मी एक जुनी लेझरची मशीन आहे. कमरेएवढी उंच, पांढरी, खाली चार चाकं आणि वर हत्तीच्या सोंडेसारखी लांब नळी. सध्या माझा मुक्काम दवाखान्याच्या सामानाच्या खोलीत आहे. एका बाजूला मोडका पंखा, दुसऱ्या बाजूला पाय लुळा पडलेली खुर्ची. अंगावर चादर आहे, पण ती मायेने घातलेली नाही. धूळ बसू नये म्हणूनही नाही. मी कुणाच्या डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून आहे.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी माझी काच इतक्या वेळा पुसली की मला वाटलं, मी कुणीतरी मोठी होणार. मग लाकडी खोक्यातून मी त्वचेच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात आले. भिंतीला नवा रंग, दारावर नवी पाटी, आणि आरशासमोर मी. पहिल्या आठवड्यात तर लोक फक्त मला बघायला डोकावून जात.

माझं काम ऐका. माझ्या नळीतून उजेडाचा ठिपका सुटतो, पापणी लवायच्या आत. तो कातडीखाली शिरतो आणि केसाचं मूळ तापवून मारतो. पायावरच्या बारीक निळ्या शिरा आक्रसवतो. सैल पडलेली कातडी थोडी आवळतो. थोडीच हं, तरुणपण परत आणून देत नाही. किती तापायचं ते माझ्या अंगावरच्या आकड्यावर ठरतं. शिरांना मोठा आकडा, हनुवटीच्या केसांना लहान. गोऱ्या कातडीला एक, सावळ्या कातडीला दुसरा. मला स्वतःची अक्कल नाही. आकडा सांगेल तेवढं तापायचं, एवढंच मला कळतं.

किती तऱ्हेची माणसं आली माझ्याकडे! एक पोक्त बाई आरशात बघून दोन बोटांनी गाल वर ओढायच्या आणि म्हणायच्या, "एवढंच वर हवंय, जास्त नको. नाहीतर घरचे ओळखायचे नाहीत." एक निवृत्त मास्तर कानांवरचे केस काढायला आले. "पोरं धडा सोडून माझे केस मोजायची," ते म्हणाले, "आता नातवंडंही मोजायला लागली." एक दणकट पहिलवान पाठीवरचे केस काढायला आला आणि पहिल्याच ठिपक्याला "आई गं!" म्हणून उठून बसला.

मला चालवायची ती सिस्टर. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी, बोलायला गोड. प्रत्येकाला विचारायची, "उन्हात हिंडलात का? वॅक्स केलंत का? कुठलं मलम लावता का?" लोक तिच्याशी खोटं बोलायचे आणि ती ते चेहऱ्यावरून ओळखायची. तिची एक पद्धत होती. एकाचं काम झालं की ती दारापाशी जाऊन पुढच्याला हाक मारी. परत आली की आधी माझा आकडा शून्यावर आणी, मग नवा आकडा दोनदा मोठ्याने म्हणे. बारा वर्षांत तिचा हात एकदाही चुकला नाही. मला तिचा अभिमान होता.

मग त्या मायलेकी येऊ लागल्या. आई कापडाच्या दुकानात बावीस वर्षं उभी होती. तिच्या पोटऱ्यांवर कुणी पोराने पेनाने गिरगटावं तशा निळ्या शिरा. गोरीपान आणि बोलण्यात चटपटीत. लेक बापाच्या वळणावर गेलेली, सावळी, अबोल. ती बालवाडीत शिकवत होती. तिच्या हनुवटीवर राठ केस येत. पहिल्या दिवशी तिने सिस्टरला सांगितलं तेव्हाही हनुवटीवर हात धरलेला होता.

"वर्गातली एक चिमुरडी गळ्यात पडली," ती म्हणाली, "आणि म्हणाली, बाई, तुम्ही टोचता. तेव्हापासून मी मुलांना जवळच घेत नाही."

सिस्टर हसली नाही. "घेशील बाळ," ती म्हणाली. "सहा वेळा यायचं, बस्स."

चार वेळा सगळं नीट झालं. केस विरळ झाले. चौथ्या वेळी ती पोरगी हनुवटीवरचा हात काढून बोलत होती. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

पाचव्या वेळी दोघी एकाच खेपेला आल्या. "आई, आधी तू. तुला कामावर जायचंय," लेक म्हणाली, आणि आईचा हात धरून पलंगाशी स्टुलावर बसली. आईच्या शिरांसाठी सिस्टरने मोठा आकडा लावला. आईची बडबड चालूच होती.

"सिस्टर, गिऱ्हाईक शंभर तागे उलगडायला लावतं आणि म्हणतं, उद्या येते. ही एकेक शीर म्हणजे एकेक उद्या आहे बघा!"

सिस्टरला हसू आवरेना. हसता हसता आई उठली, लेक आडवी झाली. बाहेर हाक मारायला जायचंच नव्हतं. पुढची पेशंट खोलीतच होती. सिस्टर दारापर्यंत गेली नाही, म्हणून परतही आली नाही. माझा आकडा तसाच राहिला.

सिस्टरने लेकीच्या डोळ्यांवर काळा चष्मा ठेवला. "थोडं टोचेल हं. सहन कर."

पोरीला सोसायची सवय होती. एक. दोन. तीन. तिने चादर मुठीत धरली. केस जळल्याचा वास रोजचाच, म्हणून त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. चार. पाच. सहावा सुटायच्या आत तिने सिस्टरचं मनगट पकडलं.

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. माझा आकडा बघितला. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

डॉक्टरबाई धावत आल्या. हनुवटीवर पाच गोल चटके उठले होते, शर्टाच्या बटणाएवढे. त्यांनी मलम लावलं, गोळी दिली, आणि मग विचारलं, "उन्हात गेली होतीस का?"

"मुलांना घेऊन बागेत गेले होते. दहा मिनिटं."

"मग तेच. सांगितलं होतं ना, ऊन टाळा म्हणून?"

सिस्टर कोपऱ्यात उभी होती. दोन वर्षांनी तिला निवृत्त व्हायचं होतं. ती काही बोलली नाही. मी तर बोलूच शकत नव्हते. आकडा अजून माझ्या अंगावर लकाकत होता. कुणी वाकून बघितला असता तर कळलं असतं. सिस्टरने बटण दाबून तो शून्यावर आणला.

त्यानंतर पोरगी दर आठवड्याला मलमपट्टीला येऊ लागली. खपल्या पडल्या, खाली काळे डाग राहिले. ती आता टोपी, रुमाल, लांब बाह्या असं सगळं घालून यायची. हनुवटीवरचा हात परत आला होता. आई पलंगाशी उभी राहून तिलाच बोलायची. "दहा मिनिटं म्हणे! तुला कितीदा सांगितलं, ऊन अंगावर घेऊ नकोस. स्वतःच्या हाताने चेहऱ्याचं वाटोळं केलंस." लेक मान खाली घालून ऐकायची. तिलाही तेच खरं वाटत होतं.

दीड महिना झाला. एके दिवशी मलम लावताना सिस्टरने विचारलं, "शाळा कशी आहे?"

"सोडतेय," पोरगी म्हणाली. "उद्या अर्ज देणार. मुलांना बागेत न्यावंच लागतं ना. आणि मला आता उन्हाची भीती वाटते. माझं डोकंच ठिकाणावर नसतं, सिस्टर. एवढी साधी गोष्ट मला पाळता आली नाही."

सिस्टरच्या बोटावर मलम तसंच राहिलं. तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या.

"उन्हाचं काही नव्हतं," सिस्टर म्हणाली.

"सिस्टर!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाही बाई, बोलू द्या. आईच्या शिरांचा आकडा हिला लागला. मी बदलला नाही. ऊन नाही, बाग नाही. मी."

पोरीने विचारलं, "म्हणजे मी काही केलं नव्हतं?"

"नाही गं बाळ."

पाच चटके मुकाट सोसलेली ती पोरगी तेव्हा रडली. हुंदके देऊन रडली. बावीस वर्षं गिऱ्हाइकांना उत्तरं देणाऱ्या तिच्या आईने तिचं डोकं नुसतं पोटाशी धरलं. रडणं थांबल्यावर पोरगी सिस्टरकडे बघून म्हणाली, "चूक होते, मला कळतं. माझ्याकडूनही होते. पण तुम्ही दर आठवड्याला माझ्या तोंडाला मलम लावत होतात. आई मला बोलत होती, तेही ऐकत होतात. तेव्हा का नाही बोललात?"

सिस्टरने मलमाच्या डबीचं झाकण लावलं.

त्या मायलेकी परत आल्या नाहीत. सिस्टरही महिन्याभरात गेली. कुणी म्हणतं काढलं, कुणी म्हणतं तिनेच सोडलं. जाताना तिने माझी काच पुसली, पण माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या जागी नवी मशीन आली. ती प्रत्येक पेशंटच्या आधी स्वतःच शून्यावर जाते म्हणे. शहाणी आहे. मला इकडे ढकलताना कुणीतरी म्हणालं, "ही ती चटका देणारी." खरं आहे ते. मी दिलाच.

ते डाग पुसले गेले का, तिने अर्ज दिला की फाडला, ते मला कोण सांगणार? चादरीखाली बातम्या येत नाहीत.

मित्रांनो, यंत्रांना जपा. दर वेळी आकडा बघा, घाई असेल तरी आणि हसू येत असेल तरी. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून कुणाला इजा झाली, आणि तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसला, तर त्याला तसं बसू देऊ नका. कितीही भीती वाटली तरी त्याला त्याच दिवशी गाठा आणि सांगा की तुझं काही चुकलं नव्हतं. मी दिलेला चटका पंधरा दिवसांत सुकला होता. पुढचा महिनाभर ती पोरगी जळत होती ती माझ्या उजेडाने नाही. मला सगळं माहीत होतं, पण मला तोंड नव्हतं.

तुम्हाला आहे.