पुलावरची चाल

डावा.

आपली तुकडी भराभर चालते. पाऊल आखूड, टाच कडक, जणू कुणी मागे लागलंय.

उजवा.

त्यांची तुकडी सावकाश चालते. पाऊल लांब, मान ताठ, जणू अख्खा रस्ता विकत घेतलाय.

दोघांना एकाच ड्रमवर चालवायचं.

ठण्ण.

हा ड्रमचा आवाज नव्हे. तालमीत त्यांच्या एका जवानाची रायफल आपल्या एकाच्या हेल्मेटवर आपटली, तो हा आवाज.

गावाच्या बँडची म्होरकी, जिला शेंबड्या पोरापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळे ड्रमताई म्हणत, तिने काड्या काखेत मारल्या आणि कपाळाला हात लावला. कप्तान घाम पुसत आला.

"ताई, संध्याकाळच्या तालमीतही जमलं नाही, तर उद्या आपले पुढे जातील. पाहुणे मागून, वेगळे."

"मागून?"

"मग काय करू? सगळ्या गावादेखत एकमेकांच्या पायात पाय घालून पडू देत?"

तेवढ्यात पाहुण्यांचा सार्जंट आला. गावाने त्याचं नाव शिडी ठेवलं होतं, आणि एव्हाना तो त्या नावाला ओ देत असे. "ताई, चूक पाय माझा?"

"तुझा नाही रे बाबा," ती म्हणाली. "माझा ड्रमच चुकतोय."

आणि खरंच चुकत होता. तिने काय केलं होतं, तर दोन्ही चाली ऐकून बरोबर मधली लय धरली होती. थोडी ह्यांची, थोडी त्यांची. ती कुणाच्याच पायाला बसेना. आपले लोक रेंगाळल्यासारखे दिसत आणि त्यांचे लोक गाडी चुकल्यासारखे.

डावा.

शिडीला मागून चालवायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. कारण घरी होतं. सध्या ते पाय स्टुलावर ठेवून बटाटे सोलत होतं.

तिचा नवरा. तीन हिवाळ्यांपूर्वी शत्रू नदीपर्यंत आला, तेव्हा तो पुलावरच्या आपल्या पलटणीत होता. पूल गेला असता तर गाव गेलं असतं, आणि एकट्या पलटणीने तो टिकला नसता. पण दूरच्या मित्रदेशाने दिलेला शब्द पाळला. समुद्रापलीकडून त्यांची तुकडी आली आणि आपल्या लोकांशेजारी वाळूच्या पोत्यांआड उभी राहिली. नवऱ्याच्या मांडीत गोळी लागली तेव्हा त्याला स्ट्रेचरवर घालून पूल ओलांडणारे चौघे होते. दोन आपले, दोन त्यांचे. पुढचा उजवा कोपरा शिडीच्या हातात होता.

तेव्हापासून त्यांची छावणी पलीकडच्या काठावर आहे, आणि नदीपलीकडून पुन्हा कुणी डोळा वर करून पाहिलेलं नाही. उद्या गाव त्यांचा सत्कार करणार होतं.

उजवा.

"आता शांतता आहे ना?" नणंद भाजी चिरता चिरता म्हणाली. "मग कशाला राहिलेत? पाहुणे म्हटले की जाण्याची वेळ कळायला हवी."

"शांतता आहे, कारण ते आहेत," नवरा म्हणाला.

"तू बोलणारच. तुला खांद्यावर मिरवलं त्यांनी."

"मिरवलं? वन्सं, विचारा त्यांना," ड्रमताई म्हणाली. "घरी आले ते शिव्या देतच."

"मग काय करणार!" नवरा हसला. "पुलाच्या सुरुवातीला त्यांचे दोघे ढांगा टाकतायत, आपले दोघे तुरुतुरु. स्ट्रेचर नव्हतं ते, चाळण होती चाळण. मी चाळला जात होतो. त्यांच्या भाषेतल्या जेवढ्या शिव्या येत होत्या, तेवढ्या दिल्या. मग आपल्या."

ड्रमताईच्या हातातला पेला मध्येच थांबला. "आणि मग?"

"मग चौघे थांबले. पुन्हा निघाले, ते एकदम मऊ. पुलाच्या मध्यावर तर वाटलं, खाली एकच माणूस चालतोय."

"कुणाची चाल धरली? त्यांची की आपली?"

"कुणाचीच नाही."

"मग मधली?"

"छे. दोघांपेक्षाही हळू." त्याने बटाटा खाली ठेवला. "मी कण्हत होतो ना, त्यावर चालत होते. मला धक्का लागू नये, एवढंच चौघांच्या डोक्यात."

"वाजवून दाखवा."

"काय?"

"टेबलावर! वाजवा हो!"

त्याने डोळे मिटले आणि बोटांनी टेबलावर ठोका धरला. धम्म. श्वास. धम्म. श्वास. नणंदेची सुरी आपोआप त्याच लयीत कांदा चिरू लागली, आणि तिचं तिलाच कळलं नाही.

डावा उजवा डावा उजवा डावा

ड्रमताई घरातल्याच चपलांनिशी कप्तानाकडे पळाली.

कप्तानाने सगळं ऐकून घेतलं. "दोघांपेक्षा हळू? वीरांची चाल आहे ही, की वरातीची?"

"एक स्ट्रेचर द्या. रिकामं. त्यावर दोन्हीकडच्या गेलेल्या जवानांसाठी फुलं ठेवू. दोन आपले, दोन त्यांचे उचलतील. बाकीच्यांनी फक्त एवढंच बघायचं, की फूल पडता कामा नये."

कप्तान स्वतःच स्ट्रेचर आणायला गेला.

शिडीला काही समजावावं लागलं नाही. तो पुढच्या उजव्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला. "माझी जागा," तो म्हणाला.

धम्म.

दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी भरले होते. नगराध्यक्षांचं भाषण वाऱ्याने नेलं, बरं झालं. मग ड्रम सुरू झाला आणि दोन देशांचे जवान, खांद्याला खांदा लावून, दगडी पुलावर चढले.

धम्म. श्वास. धम्म.

एकही रायफल आपटली नाही. मध्यावर पोचल्यावर ड्रमताईने एक गोष्ट केली, जी तालमीत ठरली नव्हती. तिने दोन्ही काड्या वर उचलल्या आणि तशाच धरल्या.

ड्रम थांबला. कप्तानाचा चेहरा पांढरा पडला.

बूट थांबले नाहीत.

आखूड पावलांचे आणि लांब पावलांचे, सगळे एकाच वेळी दगडावर पडत होते. एवढी मोठी फौज, आणि खाली एकच माणूस चालतोय असा आवाज. काठावर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पहिल्या रांगेत तिचा नवरा काठी टेकत उठून उभा राहिला होता आणि त्याने डोळे मिटले होते.

शिडीने पलीकडच्या काठावर पाऊल ठेवलं. स्ट्रेचरवरचं एकही फूल हललं नव्हतं.

तेव्हा ड्रमताईने काड्या अशा काही उतरवल्या की कबुतरांनी आभाळ काळं केलं, आणि दोन्ही काठ एकदम ओरडले.

सगळ्यांत मोठ्याने नणंद. गर्दी कोपरांनी बाजूला सारत ती शिडीपर्यंत पोचली. त्याच्या खांद्यापर्यंत हात पुरेना, म्हणून तिने त्याच्या कोपरावरच जोरात थाप मारली.

"ए शिडी! एवढ्यात जायचं नाव काढायचं नाही, कळलं?"

"कळलं," शिडी म्हणाला, आणि थोडा खाली वाकला, म्हणजे तिला दुसरी थाप खांद्यावर मारता येईल.