कोणकाकांचा आवाज

"चाला काका, पण नेहमीसारखं चाला. फोटो काढायला निघाल्यासारखं नको."

शिडीवर चढलेल्या कॅमेरावाल्याने असे म्हटल्यावर सोसायटीच्या वॉचमनने फुगवलेली छाती थोडी आत घेतली आणि फाटकापासून जिन्याकडे पुन्हा चालायला सुरुवात केली. कॅमेऱ्यासमोर काही हलले की त्याच्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा आणि सेक्रेटरींच्या मोबाइलवर तशी सूचना जायची. त्याला कुठवरची हालचाल कळते हे पाहायला कोणीतरी चालून दाखवणे भाग होते, आणि या आवारात चालण्यात वॉचमनकाकांचा हात धरणारे कोणी नव्हते. अर्धे आयुष्य त्यांनी याच फरशीवर फेऱ्या मारण्यात घालवले होते.

"दिवा लागला की हात वर करा हं."

"करतो की! त्यात काय एवढं?"

काकांनी टपालपेट्यांपाशी हात वर केला. दिवा लागलाच नव्हता. स्कूटर लावतात तिथे दिवा चांगला दोनदा लुकलुकला, पण तिथून काका हात खाली ठेवून तुरुतुरु निघून गेले. कॅमेरावाला शिडीवरून खाली उतरला.

"काका, दिवा दिसतोय ना तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं? तो काय, ढळढळीत दिसतोय!" काकांनी बोट दाखवले. तिकडे पाण्याचा पाइप होता.

वॉचमनकाकांना सगळे कोणकाका म्हणत. फाटकातून कोणीही आले की ते दरडावून विचारत, "कोण ते? थांबा तिथंच!" आलेल्याने "मीच, काका" म्हणायचे, मग काका "या, या" म्हणायचे, आणि त्यांनी तसे म्हटल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही, असा त्यांचा कायदा होता. दिवसातून दहा वेळा ये-जा करणारे सेक्रेटरीसुद्धा त्यातून सुटत नसत. पोरे तर मुद्दाम आवाज बदलून "मीच" म्हणत आणि काकांनी बरोबर ओळखले की खिदळत पळत. माणूस भारी कडक, असे सगळ्यांना वाटे. खरी गोष्ट एकट्या त्यांच्या बायकोला ठाऊक होती. काकांचे डोळे गेल्यात जमा होते. एकाचे ऑपरेशन फसले होते आणि दुसऱ्याच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते. समोर चेहरा आहे की भिंत, हेही त्यांना धड कळत नसे. पूर्वी जो प्रश्न नोकरीचा भाग म्हणून विचारायचा, तोच आता आंधळ्याची काठी झाला होता.

म्हणूनच कॅमेरे येणार हे कळल्यावर काका रुसतील असे लोकांना वाटले होते, तर ते उलट खुशीत घरी गेले होते. "आता डोळ्यांचं काम तो करणार, पायांचं मी," त्यांनी बायकोला सांगितले होते. "निभेल आपलं." बायको नुसती "बघू" म्हणाली होती.

कॅमेरावाल्याने पाइपाकडे पाहिले, मग काकांकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "डोळे का?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "कुणाला बोलू नकोस रे बाबा. नोकरी गेली तर घरी बसून भिंती बघत बसावं लागेल. आणि भिंती तरी मेल्या कुठं दिसतात!"

दोघेही हसले. पण कॅमेरावाल्याचे हसू लगेच विरले. हे कॅमेरे कशासाठी बसतायत, ते सेक्रेटरींनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. सांगून टाकावे असे त्याला वाटले, पण जीभ रेटेना. त्याने भलतेच काढले.

"काका, दुपारी फाटक बंद असताना कोणी जवळ आलं तर यातून आवाज येतो. त्यात आधीपासून भरलेला आवाज फार परका वाटतो. तुमचा भरू का?"

"माझा?" काकांचा चेहरा उजळला. त्यांनी टोपी घातली, घसा खाकरला, साक्षात चोर समोर उभा असल्यासारखे ते ओरडले, "कोण ते? थांबा तिथंच!" आणि क्षणभराने, सवयीने, मऊ आवाजात म्हणाले, "या, या."

"ते 'या, या' कापतो हं. चोराला काय घरात बोलवायचंय?"

"काप, काप! तेवढाच माझा घसा वाचला."

महिना संपताना सेक्रेटरींनी त्यांना ऑफिसात बोलावले. माणूस वाईट नव्हता, नजर वर होत नव्हती बिचाऱ्याची. "काका, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुम्हीही थकलात आता."

"पण साहेब, तो आणि मी, दोघं मिळून..."

"दोन्ही नाही परवडत, काका."

काकांनी फाटकाजवळच्या आपल्या केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. निरोपाची भेट म्हणून त्यांना भिंतीवरचे घड्याळ मिळाले. "छान आहे," ते म्हणाले. किती वाजलेत, ते घरी गेल्यावर बायकोने सांगितले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात बायकोला आठवले की तिने विणलेला स्वेटर केबिनमध्येच खुंटीला राहिलाय. दुपारची शांत वेळ पाहून काका गेले. लोकांसमोर जायची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी फाटकाला हात लावला, तोच वरून आवाज आला, "कोण ते? थांबा तिथंच!"

काका जागच्या जागी थांबले. आवाज खणखणीत होता. ऐकून त्यांना एक क्षण बरेसुद्धा वाटले.

"मीच," ते म्हणाले आणि वाट पाहत उभे राहिले. वरून काही आले नाही. त्यांनी पाऊल उचलले.

"कोण ते? थांबा तिथंच!"

"अरे, मीच!"

वर कुठेतरी खिडकी उघडली. "आई, कोणकाका ओरडतायत!" एक पोर म्हणाले.

"काका नाहीत रे, कॅमेरा आहे तो. ऊन येतंय, लाव ती खिडकी."

खिडकी लागली. काकांनी वर पाहिले. वर नुसता पांढरा उजेड होता. फाटकाला कुलूप नव्हते, केबिनलाही आता नसायचे, आणि स्वेटर दहा पावलांवर खुंटीला होता. पण "या" म्हटल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही, हा कायदा त्यांचा स्वतःचाच होता. टोपी हातात घेऊन ते फाटकाबाहेर उभे राहिले.