तांब्याभर समुद्र

समुद्रावर जायचं हे आमच्या मामंजींनी ठरवलं, आणि तेही पानावर बसल्या बसल्या. हैदराबाद हिंदुस्थानात सामील होऊन दोनतीन वर्षं झाली होती, त्यांची वकिलीही सुटली होती, पण उत्साह काही ओसरत नव्हता. "निजामाच्या राज्याला दर्या नव्हता," ते म्हणाले, "आता सगळा दर्या आपला. नाताळच्या सुट्टीत अख्खं घर घेऊन जायचं. फैसला झाला." मी भात वाढत होते. अख्ख्या घरात मी आले, आणि मी आले म्हणजे माझ्यामागून चूल आली, हे मला तिथंच कळलं.

हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या या घरातली मी थोरली सून, इंदुमती. माझ्या सासूबाई, सावित्रीबाई, कडक सोवळ्याच्या. सुनेनं ओलेत्यानं रांधलेलं असेल तेवढंच त्यांच्या पोटात जाणार. त्यामुळे घर कुठंही हललं तरी माझी जागा ठरलेली. तुळजापूरला गेलो, गाणगापूरला गेलो. परतल्यावर शेजारणी विचारायच्या, दर्शन कसं झालं? सांगू काय, कपाळ? देवापेक्षा मी चूलच जास्त पाहिली होती. आणि समुद्र तर मला खरंच बघायचा होता. एकदा, रिकाम्या हातांनी, समोर बसून. पण हे बोलून दाखवायची घरात सोय नव्हती, म्हणून मी भांडी जरा जोरात आपटत होते.

मग रोज जेवताना तोच विषय. माझे दीर वसंतभावजी कॉलेजात शिकवायचे. त्यांचं म्हणणं, कोकणात जाऊ, तिथला समुद्र तरी आपल्या भाषेचा. "समुद्राला कसली रे भाषा?" मामंजी म्हणाले. त्यांचे एक जुने वकील स्नेही मच्छलीपट्टणला होते. तिकडं त्या गावाला सगळे नुसतं बंदर म्हणतात. ते ऐकून आमची नऊ वर्षांची मालू दिवसभर गल्लीतल्या पोरींना सांगत फिरली, "हमलोगां बंदर देखने जारे." माकडं बघायला एवढ्या लांब कशाला जाता, म्हणून शेजारीण मला विचारून गेली.

घरात समुद्राच्या गोष्टी सांगायच्या त्या एकट्या सासूबाई. तरुणपणी त्या आपल्या सासूबरोबर रामेश्वरला जाऊन आल्या होत्या. मालू त्यांच्या मागं लागायची, आजी, समुद्र कसा असतो? "दळायची शंभर जाती एकदम फिरावीत तसा," त्या सांगायच्या. "रात्रंदिवस घरघर. जरा थांबला वाटतं, की परत सुरू." मालू विचारी, रंग कसा? "पाण्यासारखा," म्हणून त्या माळ ओढायला लागत. हे उत्तर मी कितीदा तरी ऐकलं होतं. माझ्या काही ध्यानात आलं नाही.

शेवटी बंदरच ठरलं, आणि वसंतभावजी जागा बघून आले. मंडळी जेवायला बसली. सासूबाई नेहमीसारख्या दारात पाट टाकून बसल्या होत्या, मी वाढत होते. दोन जागा होत्या, भावजी म्हणाले. एक वकिलांच्या चुलत्याचं घर, भर गावात. आड दारातच, स्वयंपाकघर ऐसपैस, दोन चुली, तांब्यापितळेची भांडी. दुसरा किनाऱ्यावरचा कुणा जुन्या साहेबाचा बंगला. चार खोल्या, लांब व्हरांडा, पायरी उतरली की वाळू. "पण तिथं स्वयंपाकघर नाही. वादळात पडलं, ते परत बांधलंच नाही. जेवण सत्रमातून, म्हणजे तिकडच्या धर्मशाळेतून आणावं लागेल. आचारी ब्राह्मण आहे म्हणतात."

"मग विचार कसला करायचा?" आमचे हे म्हणाले. "गावातलं घर. आईच्या सोवळ्याची सोय आहे, इंदूलाही दोन चुली मिळतील."

जणू मला पाटल्याच करून देत होते. मी वरणाचं पातेलं खाली ठेवलं. बोलले असते, पण रडू आलं असतं, आणि पंक्तीत रडणं मला आवडत नाही.

तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "वसंता, गावातल्या घरातून समुद्र दिसतो का?"

"नाही आई. टांग्यानं तासभर लागतो. पण रात्री वारा असला की आवाज येतो. स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येतो म्हणे."

"आवाज माझा ऐकून झालाय," सासूबाई म्हणाल्या. "आपण बंगल्यात उतरायचं."

कुणाला काही समजेना. यांनी विचारलं, आई, तिथं चूल नाही, ऐकलंस ना?

"म्हणूनच म्हणते. रामेश्वरला आम्ही देवळामागच्या एका घरात उतरलो होतो. मंडळी सगळी समुद्रावर जायची, माझ्याकडं दोन्ही वेळचा स्वयंपाक. आवाज तेवढा भिंतीपलीकडून यायचा. निघायच्या दिवशी माझ्या सासूबाईंना दया आली. तांब्यात समुद्राचं पाणी आणलं आणि चुलीपुढं बसल्या जागी माझ्या डोक्यावर घातलं. म्हणाल्या, झालं तुझं समुद्रस्नान." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तेवढाच समुद्र मी पाहिलाय, इंदू."

मामंजी मान खाली घालून भात कालवत राहिले. ते त्या यात्रेत होते.

मग म्हणाले, "पण तुमच्या सोवळ्याचं काय?"

"मी दूध आणि फळं घेईन. शहाळी हवी तेवढी मिळतात म्हणे तिथं."

"आणि आम्ही धर्मशाळेचं जेवायचं?"

"आबिड्सच्या इराण्याकडं इतकी वर्षं चहा पीत आलात, तेव्हा नाही कुठं अडलं. मला काय ठाऊक नाही होय?"

मामंजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. वसंतभावजींना ठसका लागला. मी आमटी वाढायला वाकले, ती आमटी यांच्या ताटात न जाता पाटावर सांडली, आणि मला कुणी काही बोललं नाही.

आम्ही बंदरला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. काळोखात नुसती घरघर ऐकू येत होती, आणि मालू म्हणाली, आजी, खरंच जात्यासारखा आहे गं. प्रवासानं सगळे शिणलेले, पडल्या पडल्या झोपले.

पहाटे सवयीनं मला जाग आली. अंघोळ करून ओलेतं नेसायला उठले, आणि मग आठवलं की पेटवायला चूलच नाही. अंथरुणावर बसून मी एकटीच हसले. बाहेर व्हरांड्यात आले तर सासूबाई पायरीवर बसलेल्या, डोळे मिटून. हातात माळ नव्हती.

"जप चाललाय का?" मी विचारलं.

"जप कसला. तुझी वाट बघतेय. एकटीनं बघवेना मला."

"म्हणजे डोळे उघडलेच नाहीत अजून?"

"बस आधी."

मी शेजारी बसले. सोवळ्यात असताना आम्हाला शिवू न देणाऱ्या माझ्या सासूबाईंनी चाचपून माझा हात धरला आणि डोळे उघडले. समोर फटफटायला लागलं होतं. पाण्याचा रंग आधी राखाडी होता, मग कुठं निळा, कुठं तांबूस, आणि नजर पुरेल तिथवर ते हलत होतं. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. आज पंक्ती नव्हती, म्हणून खुशाल रडले.

मग त्या म्हणाल्या, "आवाज तरी मी बरोबर सांगत होते ना गं?"

"अगदी बरोबर सांगत होतात."

आतून मामंजींचा खोकला ऐकू आला, मग त्यांची हाक. "अरे, चहाचं काय झालं?"

मी उठायला लागले.

"येईल सत्रमातून," सासूबाई म्हणाल्या, आणि माझा हात काही सोडला नाही.