जिबो पुन्हा वर येतो

"ते बकरीचं नाही," सालूकाका म्हणाला.

दफनभूमीच्या कडेला बाभळीखाली जिराफ उभा होता आणि एक पांढरं हाड या गालातून त्या गालात फिरवत होता. कोरड्या दिवसांत पाल्यात कस उरला नाही की जिराफ हाडं चघळतात. बैलाचं, शेळीचं, मिळेल ते. आमच्या कुरे गावात याचं कुणाला नवल नाही. पण त्याच्या पायाशी जिबोची कबर एका बाजूने उघडी पडली होती.

जिबो म्हणजे सालूकाकाचा मामेभाऊ. आमच्यासारखाच वाटाड्या, पाहुण्यांना जिराफ दाखवणारा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून वारा रोज मूठमूठ वाळू नेत होता.

"चघळून टाकेल," मी म्हणालो. "नेहमी टाकतात."

"टाकायलाच पाहिजे. जिबोला अर्धा इथे, अर्धा तिथे नाही राहू देणार मी." मग काका वर बघून ओरडला, "उतर रे, गुलामा! जन्मात कधी झाडावर चढला नाहीस, आता कुठे जाऊन बसलायस!"

हे जिराफाला नव्हतं. आमच्यात आते-मामेभावांनी एकमेकांना गुलाम म्हणायचंच असतं. न म्हटलं तर लोक विचारतात, भांडण झालं का.

जिराफाने लांब पापण्यांआडून आमच्याकडे पाहिलं. कड् असा आवाज झाला. मग त्याच्या गळ्यात एक गाठ दिसली आणि विहिरीत उतरणाऱ्या माणसासारखी जपून खाली गेली.

"भाऊजी, गिळलं?"

मागे हाम्सातूवहिनी उभी होती. जिबोची बायको; सगळं गाव तिला वहिनीच म्हणतं. डोक्यावर दुधाने भरलेला वाळका, पोखरलेला भोपळा. तिने कबर पाहिली, जिराफ पाहिला. तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

सालूकाका तीस वर्षं पाहुण्यांना जिराफाचं पोट समजावून सांगत आला होता आणि कधी अडखळला नव्हता.

"गि... गिळलं, वहिनी."

"मग आता?"

"आता पोटात. आत चार खोल्या असतात. पाला पहिल्या खोलीत भिजतो, मग त्याचा गोळा परत तोंडात येतो. चावून झाला की पुन्हा खाली."

"म्हणजे हे वर येणार."

"नाही, नाही. हाड जड. ते तळाला बसतं."

"हे जड नव्हते, भाऊजी. शेवटी तर मुळीच नव्हते. तुम्हीच उचललंत ना?"

वारा पडला होता. होले घुमायचे थांबले होते. जिराफाच्या छातीपाशी कातडीखाली काहीतरी हललं. गोळा वर निघाला. मानेभर चढत जबड्यापाशी पोचला.

वहिनीने भोपळा खाली ठेवला, डोक्यावरचं कापड पुढे ओढलं आणि नजर खाली करून वाटेतून बाजूला झाली. नवरा घरात येताना व्हायची, तशी.

जिराफ चावू लागला. नुसता डावीकडून. जिबोला उजवीकडच्या दाढा नव्हत्या.

"गुलामाची खोड बघ," काका पुटपुटला.

गोळा खाली गेला. वहिनीने कापड मागे सारलं. तीन-चार क्षण गेले, आणि तो पुन्हा वर निघाला. तिने पुन्हा कापड ओढलं.

"वहिनी, तो पालाच आहे," मी म्हणालो.

"तू आत जाऊन आलास का, सुमाना?"

नव्हतो गेलो.

आम्ही कबर वाळूने बुजवली, वर काटेरी फांद्या रचल्या. काका गुडघ्यावर बसून हाताने वाळू दाबत होता.

"बाहेर कधी येईल?" तिने विचारलं.

"तीन-चार दिवस. लेंड्या लहान असतात, कडक."

"वेचता येतील?"

"येतील," काका म्हणाला. "मी आणतो वेचून. कबरीतच ठेवतो. तुम्ही घरी जा."

जिराफ वळला आणि बाजरीच्या रिकाम्या शेतांकडे चालू लागला. वहिनी त्याच्या मागे निघाली.

"वहिनी, बायका मयतीमागे जात नाहीत!"

"माहीत आहे. त्या दिवशी मला घरात बसवलंत. दार तुम्हीच ओढून घेतलंत. मी पावलं ऐकली फक्त."

सालूकाका वाटेत आडवा उभा होता. रिवाज त्याच्या बाजूचा होता, गाव त्याच्या बाजूचं होतं, त्याने नुसता हात पुढे केला असता तरी ती थांबली असती. जिराफाच्या गळ्यात गाठ चढत होती. काकाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तो वाटेवरून उतरून चवळीच्या वाळक्या वेलांत उभा राहिला.

ती पुढे गेली. काकाने मुंडासं सोडून खांद्यावर टाकलं आणि बोडक्या डोक्याने तिच्या मागे चालू लागला. मी भोपळा उचलून त्याच्या मागे.

जिराफ सावकाश चालला होता. मधेच थांबायचा, मयतीचा खांदा बदलावा तसं अंग हलवायचा. तेवढा वेळ वहिनीही थांबायची.