दोन्ही खांदे

खेळ भिकार होता, हे आधीच सांगते. ‘वज्रमल्ल’ नावाची कादंबरी, तिचा काढला सिनेमा, तो आपटला, मग उरलंसुरलं खपवायला त्या सिनेमावरून हे मारामारीचं मशीन. आमटीत दर वेळी तांब्याभर पाणी वाढवावं तसलं काम. लोणावळ्यात हायवेलगतच्या गेम झोनमध्ये ते अगदी दाराशी उभं आहे आणि मी तिथं काउंटरवर गिऱ्हाइकांची कार्डं रिचार्ज करते. म्हणजे माझ्या बापाला लोक दिवसभर लोळवतात, ते बघत बसायचं.

माझे वडील जवळच्याच भाजे गावचे हनुमंत पैलवान. आम्ही त्यांना आबा म्हणतो. तीन वर्षांपूर्वी त्या सिनेमाचा दिग्दर्शक, प्रदीप सर, आमच्या घरी आला, मांडी घालून पिठलंभाकरी जेवला आणि म्हणाला, “भाऊ, खेळातल्या हिरोला तुमचेच डाव पाहिजेत.” मुंबईला स्टुडिओत नेऊन, काळा तंग पोशाख घालून, अंगभर ठिपके चिकटवून आबांकडून दोन दिवस डाव करून घेतले. ढाक, मोळी, पट, सगळे. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आता हरून दाखवा. चितपट पडा, दोन्ही खांदे टेकवून.

“त्ये न्हाई जमायचं,” आबा म्हणाले. “जी पाठ आजवर कुनी टेकवली न्हाई, ती क्यामेऱ्यासाठी टेकवू व्हय?”

“राहू द्या भाऊ,” प्रदीप गोड हसला. “फक्त उंची मोजायचीय. जरा आडवे व्हा.”

आबा आडवे झाले. कॅमेरा चालूच होता.

मशीन आलं तेव्हा कळलं. एक पट सोडला तर डाव सगळे हिरोला, वर नटाचा चेहरा. आणि आबांच्या मिशा, आबांचा कुस्तीत चुरगळलेला डावा कान कालू नावाच्या गुंडाला! हा कालू पोरींची छेड काढतो, मार खातो आणि पाठीवर पडतो. मग मशीन बोंबलतं, “चितपट!” भाज्यात पोरं आबांच्या मागं तसंच बोंबलायला लागली. जत्रेच्या कुस्त्यांना दर वर्षी पंच आबाच. यंदा कमिटीची माणसं नारळ घेऊन आली तर म्हणाले, “दुसरा कुनी बगा.” आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

माझं डोकंच फिरलं. मेल्या, ज्या घरात जेवलास त्याच घराला लाथ मारलीस? तुझी पाठ टेकवीन तर नावाची मानसी!

गेम झोन उघडायच्या आधी तासभर जाऊन मी कालू घेऊन खेळायला लागले. दोन महिने. कालूला एरवी कुणी निवडत नव्हतं, म्हणून जे मला सापडलं ते कुणालाच सापडलं नव्हतं. कालूनं पट काढला, म्हणजे वाकून समोरच्याचे दोन्ही पाय ओढले, की हिरो सुटतच नाही. अहो, कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते, शेंबडं पोर सांगेल! ह्या दीडशहाण्यांनी पटाला तोड ठेवलीच नव्हती.

आणि एका रविवारी दुपारी प्रदीप स्वतःच जाहिरातीला आला. मी मालकांना आधीच पटवून ठेवलं होतं, त्याच्याशी मी खेळणार. भाज्याची ती बोंबलणारी पोरंही बोलावली होती. या म्हटलं, मजा बघा.

“सर, पैज लावू या,” मी म्हटलं. “हरेल त्यानं इथंच फरशीवर पाठ टेकवायची.”

“क्या बात है! मस्त रील होईल,” असं म्हणून त्यानं हिरो घेतला. मी कालू घेतला.

पट. पट. परत पट. त्यानं बटणं बडवली, दांडा उपटायचा तेवढा बाकी ठेवला. तिन्ही डाव गेले. शेवटी हिरो पाठीवर पडला, मशीन बोंबललं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

प्रदीप हसत हसत आडवा झाला. एका कोपरावर रेलून, अंगठा वर करून कॅमेऱ्याकडं बघायला लागला. त्याला गंमतच वाटत होती, हो! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी जवळ जाऊन वाकले. “मी हनुमंत पैलवानांची मुलगी. भाज्याची. उंची मोजायची राहिलीय तुमची. दोन्ही खांदे टेकवा.”

त्याचं हसू गेलं. “अगं, गेम आहे नुसता.”

“मग टेकवा की.”

“दोन्ही खांदे!” मागून एक पोरगा ओरडला. मग सगळीच ओरडायला लागली. गिऱ्हाइकंसुद्धा. सगळ्यांचे फोन वर. प्रदीपनं इकडंतिकडं बघितलं. त्यानं कोपर काढलं. आधी एक खांदा टेकला, मग दुसरा. मान लाल झाली होती. मग उठायला त्यानं माझ्याकडं हात पुढं केला.

मी तो हात बघितला आणि काउंटरवर जाऊन बसले. तो कुशीवर वळून, फरशीला हात टेकत, आपला आपण उठला.

संध्याकाळी भाज्याला पोचले तर व्हिडिओ माझ्या आधी घरी. आबा ओट्यावर फोन घेऊन बसलेले. माझ्यासमोर त्यांनी तो तीनदा बघितला. मग कमिटीला फोन लावून “येतो” म्हणाले आणि चौथ्यांदा बघायला लागले. प्रदीपनं हात पुढं केला तिथं त्यांनी व्हिडिओ थांबवला.

“पडलेल्याला जिकलेल्यानं हात द्यायचा अस्तो, मानसी. आपली रीत हाय ती.”

मी मान खाली घातली.

“आजवर मी समद्यांना दिला,” आबा म्हणाले. “ह्याला मीबी दिला नस्ता.”